दोन आम्ले, एकच आतडे

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. जेवण पोटातून पुढे सरकले की पित्ताशय आकसते, पित्त लहान आतड्यात उतरते आणि तेला-तुपाचे बारीक थेंब होऊन ते पचू लागते. काम झाले म्हणून शरीर ही आम्ले टाकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात आणि रक्तावाटे यकृतात परततात. दोन-चार ग्रॅमचा हा साठा दिवसातून अनेकदा तीच फेरी मारतो.

जी थोडी निसटतात, ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे जिवाणू कोलिक आम्लाच्या रेणूवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात आणि त्याचे डीऑक्सिकोलिक आम्ल होते. बदल एवढासाच, पण या नव्या आम्लाला पाण्यापेक्षा चरबी जवळची. ते पेशीच्या आवरणात घुसते आणि डीएनएला इजा करते. हे आम्ल दिलेल्या उंदरांत गाठी झाल्याचे १९४० सालीच कुक आणि केनावे यांनी ‘नेचर’मध्ये कळवले होते.

प्रयोगशाळेत याच आम्लाची मात्रा वाढवली तर पेशी पटापट मरतात. पेशी मारणाऱ्या आम्लाने कर्करोग वाढावा, हे उलटेच वाटते. पण मेलेल्यांची जागा भरायला नव्या पेशी घाईने विभागतात आणि प्रत्येक विभाजनात चुकीला वाव असतो. शिवाय रोजच्या माऱ्यात साध्या पेशी जातात, मरण चुकवायला शिकलेल्या तेवढ्या तगतात. धोका आहे तो या तगलेल्यांचा.

दुसरे आम्ल ब्युटिरिक. पेशींना ते ब्युटिरेटच्या रूपात मिळते. कडधान्ये, भाज्या, कोंडा यांतला आपल्याला न पचणारा चोथा फिकालिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारखे जिवाणू आंबवतात, त्यातून ते तयार होते. मोठ्या आतड्याच्या निरोगी पेशी आपली बहुतांश ऊर्जा त्याच्यावरच भागवतात. कर्करोगाच्या पेशी मात्र ग्लुकोजवर भर देतात. न वापरलेले ब्युटिरेट त्यांच्या केंद्रकात साचते, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना अडवते आणि बंद पडलेली जनुके जागी होतात. विभाजन थांबते, अनेकदा पेशी स्वतःला संपवते. निरोगी पेशीचे जे अन्न, तेच रोगट पेशीचे विष.

या दोहोंचे पारडे जेवणाने किती लवकर झुकते, हे २०१५ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या एका प्रयोगाने दाखवले. पिट्सबर्गमधले २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण यांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकेतल्यांच्या ताटात मका, चवळी असे पदार्थ आले, रोजचा चोथा सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला आणि चरबी निम्म्याहून कमी झाली. आफ्रिकेतल्यांना बर्गर, सॉसेज मिळाले. त्यांचा चोथा ६६ ग्रॅमवरून १२ वर घसरला. अमेरिकी गटात ब्युटिरेट सुमारे अडीचपट वाढले, जिवाणूंनी बदललेली पित्ताम्ले ७० टक्क्यांनी घटली आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची विभागणी मंदावली. आफ्रिकी गटात सगळे याच्या उलट. दोन आठवड्यांत कर्करोग होतही नाही, टळतही नाही. बदलल्या त्या धोक्याच्या खुणा.

तरीही ब्युटिरेटला सरसकट औषध समजू नये. डीएनए-दुरुस्तीचे एक जनुक निकामी असलेल्या उंदरांत त्याने गाठींना हातभारच लावल्याचे २०१४ साली दिसले. शिवाय साधी गोळी घेतली तर ते बरेचसे वरच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. तिथे ते हवे असेल तर तिथेच तयार व्हावे लागते, आणि त्यासाठी जिवाणूंना रोजचा चोथा लागतो.