जात्यापासून माईकपर्यंत : खेड्याच्या गाण्याची रेडिओवरची वाटचाल



आपल्या पत्रिकेच्या पानांवर एरवी लागणीची वेळ, खताच्या मात्रा, साखरेचा उतारा आणि हप्त्याचा हिशेब असतो. सभासद आधी तेच वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या घरात बियाण्याइतकीच जपून ठेवलेली आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे गाणे. जात्यावरचे, मोटेवरचे, भलरीचे, आराध्यांचे, गोंधळ्यांचे. हे गाणे रेडिओवर कसे गेले, कोणी नेले आणि आज ते कुठे अडले आहे, याची हकिकत या अंकात देत आहोत. सहकारात वाढलेल्या माणसाला तिच्यात एक ओळखीचा प्रश्न दिसेल : गाणे गावाचे, पण माईक कुणाच्या हाती?

व्यापाऱ्याचे केंद्र, शेतकऱ्याचे गाणे

सुरुवात जरा लांबून करू. अमेरिकेत खेड्यातल्या लोकांच्या गाण्याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. ते रेडिओवर आले ते कलेच्या प्रेमापोटी नव्हे, धंद्यासाठी. १९२४ साली शिकागोत सिअर्स रोबक या कंपनीने डब्ल्यूएलएस नावाचे केंद्र काढले. ही कंपनी टपालाने घरपोच माल विकणारी, आणि तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. म्हणून केंद्रावर बाजारभाव, शेतीची माहिती आणि शनिवारी रात्री खेड्यातली गाणी सुरू झाली. पुढे १९२८ साली ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या नियतकालिकाने हे केंद्र विकत घेतले.

दुसरे केंद्र नॅशव्हिल गावचे, डब्ल्यूएसएम. ते एका विमा कंपनीचे. २८ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री अंकल जिमी थॉम्पसन नावाचे सत्तरी उलटलेले, पांढऱ्या दाढीचे म्हातारबुवा तिथे माईकपुढे बसले आणि त्यांनी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायला घेतले. श्रोत्यांना ते इतके भावले की दर शनिवारी असा कार्यक्रम होऊ लागला. १९२७ साली त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पडले आणि २०२५ साली त्याने शंभर वर्षे पुरी केली. विम्याच्या पॉलिसी खपत होत्या, म्हणून गाणे टिकले. गाणारा खेड्यातला, ऐकणारा खेड्यातला, मालक मात्र शहरातला.

मुंबई लांब, पुणे जवळ

आपल्याकडेही पहिले पाऊल कंपनीचेच. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याची ताकद अवघी दीड किलोवॉट. बार्शीपर्यंत तो आवाज यायचा कुठून? १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले आणि १९५७ पासून ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ झाले.

आपल्या भागाला रेडिओ खऱ्या अर्थाने जवळचा वाटू लागला तो २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाल्यावर. याच केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ घरोघर गेले. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकर केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि १९८५ पर्यंत तिथे राहिले. ते माडगूळचे, म्हणजे आपल्या सांगोल्याच्या शेजारच्या दुष्काळी मुलखातले. खेड्यासाठी कार्यक्रम करणारा माणूस खेड्याची बोली जाणणारा असावा लागतो, आणि पुण्याला तो मिळाला.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने एक मोठा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंडळे’ स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे २० कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. कॅनडातल्या शेतकऱ्यांनी आधी चालवलेल्या अशाच मंडळांवरून ही कल्पना घेतली होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढल्याचे आढळले. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. रेडिओने खेड्याला नुसते सांगू नये, खेड्याचे ऐकावेही, हे तिथे प्रथम दिसले.

१९६३ साली सांगली केंद्र आले, पुढे सोलापूरला केंद्र झाले. चावडीवरच्या पंचायतीच्या रेडिओची जागा बांधावरच्या ट्रान्झिस्टरने घेतली. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून दारे धरणारा गडी शिवारात दिसू लागला.

पंधरा मिनिटांतला गोंधळ

या काळात लोकगीतांना आकाशवाणीवर जागा मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. भारूड, पोवाडा, गौळण, ओवी ही सारी रेडिओवर वाजली. हलगी आणि संबळ शहरातल्या दिवाणखान्यात ऐकू आले. पण ही जागा केंद्राच्या घड्याळाप्रमाणे मिळाली. गोंधळ उभा राहिला की रात्र सरते. केंद्रावर त्याला दहा-पंधरा मिनिटे. भलरी वावरात, कामाच्या लयीत म्हणायची. तिथे ती बंद खोलीत, लाल दिवा लागल्यावर म्हणायची. आधी स्वरपरीक्षा द्यायची. तालुक्याच्या बाजारापलीकडे न गेलेल्या बाईने पुण्याला जाऊन परीक्षा देणे ही सोपी गोष्ट नव्हे. जे पोहोचले त्यांचे नाव झाले. जे पोहोचले नाहीत त्यांचे गाणे त्यांच्या ओसरीवरच राहिले.

बार्शीची जात्यावरची शाळा

ओसरीवरच्या गाण्याची ताकद काय असते, हे बार्शीकरांना वेगळे सांगायला नको. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे. जन्म १९१६ चा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला तो आई मुनेरबी यांच्याकडून. पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने सभाच्या सभा हलवल्या. १९६९ साली अपघातात ते गेले. एवढा मोठा आवाज घडला तो कुठल्या केंद्रात नव्हे, घरात, आईपाशी.

आता त्या शाळेची आजची अवस्था पाहू. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, मोट गेली. मोटेबरोबर मोटेवरचं गाणंही गेलं. ज्या पाण्याने आपला ऊस उभा केला, त्याच पाण्याच्या सोयीने हे गाणे थांबवले. यात कुणाचा दोष नाही. पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईचे कष्ट परत यावेत असे कोण म्हणेल? पण कष्ट गेले म्हणून त्यातले शहाणपणही जावे, असे नाही. सासर-माहेर, भावाची वाट, विठ्ठल, दुष्काळ, मनातला राग, हे सारे बायांनी ओवीत सांगून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. तरीही कितीतरी बायांपर्यंत कुणीच पोहोचलेले नाही.

माईक गावाकडे

सरकारने डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली कृषी विज्ञान केंद्रांना व नोंदणीकृत बिगरनफा संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढण्याची मुभा दिली. प्रक्षेपक १०० वॉटचा, खांब ३० मीटरपर्यंत आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक, अशा अटी घातल्या. आवाज आठ-दहा किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या एखाद्या गटातली गावे त्यात बसतील.

याचे उदाहरण फार लांब नाही. पंढरपूरच्या पलीकडे, माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथे १९९७ साली बायांनी स्वतःची माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली आणि २००८ साली त्याच परिवारातून ‘माणदेशी तरंग’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले. शेती, आरोग्य, बाजार यांच्या माहितीबरोबर तिथे माणदेशी बोली आणि ओव्या ऐकू येतात. तिथे गाण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागत नाही.

सभासदांना विनंती

साखर कारखाने सहकारात आले, कारण ऊस आपला असून भाव दुसरा ठरवत होता. गाण्याचेही तसेच आहे. आपल्या भागातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेने असे केंद्र मनावर घ्यावे, असे आम्हाला वाटते. पण केंद्र उद्या निघाले तरी लावायला काही शिल्लक हवे. परवाना दोन वर्षे उशिरा मिळाला तरी चालेल. घरातल्या आजीला मात्र तेवढा अवधी असेलच असे नाही.

तेव्हा गळीत हंगामाची धांदल सुरू होण्याआधी एवढे करावे. आई, आजी, चुलती यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या ओव्या मोबाईलवर घ्याव्यात. सुरुवातीलाच त्यांनी आपले नाव, गाव, माहेर आणि हे गाणे कधी, कोणत्या कामाला म्हणत ते सांगावे. पंखा बंद ठेवावा, घाई करू नये. “आता कोण ऐकतंय?” असे त्या म्हणतील. तेव्हा शेजारी बसून ऐकावे.