मृत्युपत्र : मागे राहणाऱ्यांची तजवीज

बुलढाणा तालुक्यातील धाड आणि आसपासच्या शिवारांत ज्याच्या नावावर चार-दोन एकर जमीन, गावठाणात एक घर आणि बँकेत थोडीबहुत पुंजी आहे, अशा मनुष्यास मृत्युपत्र केले काय असे विचारावे, तर "आपल्यापाशी आहे तरी काय एवढं? पोरं घेतीन समजून" असे म्हणून तो बहुधा विषय बाजूस सारतो. त्या उत्तरात संततीवरचा विश्वास असतो, आणि मरणाचा उच्चार घरात करू नये ही जुनी समजूतही असते. मला त्या विश्वासाविषयी आदर आहे. परंतु तो कागदावर उतरला नाही, तर ज्यांच्यावर तो ठेवला त्यांनाच पुढे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हेही सांगणे भाग आहे.

मृत्युपत्र नसले म्हणजे मिळकत वाऱ्यावर पडते असे नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये मृत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई सारख्या हिश्शाने वारस होतात, तलाठ्याकडे वारस नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लागतात. अखेरच्या आजारात उशाशी बसलेली मुलगी कोण, आणि स्वतःच्या कष्टाने विहीर खणणारा मुलगा कोण, हे मात्र त्या उताऱ्यात कोठेच उमटत नाही. ते उमटावे अशी इच्छा असेल, तर हयातीतच लिहून ठेवले पाहिजे. स्वकष्टार्जित मिळकत मनास येईल त्यास देता येते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र केवळ स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर त्या मिळकतीत मुलीचाही जन्मसिद्ध हक्क आहे. मुस्लिम कुटुंबांत सामान्यतः अंत्यविधीचा खर्च व कर्ज फिटल्यावर उरणाऱ्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापुरताच वसियतनामा करता येतो.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, हा समज फार दृढ आहे. ज्यांचे 'कालनिर्णय' धाडमधल्या भिंतींवरही लटकते, त्या जयंत साळगावकरांनी 2011 साली मृत्युपत्र केले होते. 2013 साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने सांगितले की, रोख्यांवर नामनिर्देशित केलेली व्यक्ती त्यांची मालक होत नाही, उत्तराधिकाराचा कायदा आपल्या जागी कायम राहतो.

लिहिण्याची रीत सोपी आहे. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसेच्या तसे उतरवावे, आणि चतुःसीमाही लिहाव्यात. "नाल्याकडचे वावर" एवढ्यावर कज्जा उभा राहतो. करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि तो पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात, अशी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 ची अट आहे. ज्यास लाभ मिळणार त्यास साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार वयाने लहान व निरोगी निवडावेत, कारण पुढे वाद निघाल्यास त्यांपैकी निदान एकाने, हयात असल्यास, न्यायालयात उभे राहावे लागते. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याचे ओझे ते मांडणाऱ्यावरच असते, असे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी वेंकटाचल अय्यंगार खटल्यात विस्ताराने लिहिले आहे. म्हणून एखाद्या मुलास काही देत नसल्यास त्याचे कारण मजकुरातच स्पष्ट लिहावे.

दुय्यम निबंधकाकडील नोंदणी ऐच्छिक आहे, तरी ती करून घ्यावी. पुढे मन पालटल्यास नवे मृत्युपत्र करता येते आणि शेवटचे तेच खरे धरतात.

माझ्या मते सर्वांत आधी लिहावे ते पत्नीविषयी : राहत्या घरात तिला हयातभर राहण्याचा हक्क, आणि तिच्या हाताशी कोणत्या जमिनीचे उत्पन्न असावे. मूळ दस्तऐवज ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पावत्यांखाली ठेवू नये. तो कोठे आहे हे तिला, आणि तिच्याखेरीज आणखी एकास, ठाऊक असावे.