ग्रंथालयातला आंधळा पहारेकरी

आईला इंग्रजी येत नाही. त्यामुळे मी ‘द नेम ऑफ द रोज’ ही जाडजूड कादंबरी वाचत होते, तेव्हा रोज रात्री भाकरी थापता थापता ती मला विचारायची, “आज कोण मेलं गं?” आणि मी सांगायची. कारण या कादंबरीत जवळजवळ रोज कुणी ना कुणी मरतोच.

इटलीचे प्राध्यापक उंबेर्तो इको यांनी ही कादंबरी १९८० साली लिहिली. विल्यम वीव्हर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८३ साली आला. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी तो घेतला आणि डिक्शनरी उशाशी ठेवून दीड महिन्यात संपवला. मध्ये मध्ये लॅटिन वाक्यं तशीच ठेवली आहेत, ती मी सरळ सोडून दिली. वाचकांनीही तसंच करावं, काही बिघडत नाही.

गोष्ट १३२७ सालची आहे. डोंगरावरच्या एका श्रीमंत ख्रिस्ती मठात विल्यम नावाचा हुशार धर्मगुरू येतो. बरोबर त्याचा कोवळा शिष्य अॅड्सो. मठात एका तरुण चित्रकाराचा मृत्यू झालेला असतो. विल्यम चौकशी सुरू करतो, पण सात दिवसांत एकामागून एक आणखी माणसं मरतात. काहींची बोटं आणि जीभ काळी पडलेली असते. मठाचं मोठं वैभव म्हणजे तिथलं ग्रंथालय. ते भूलभुलैयासारखं बांधलेलं आहे. आत फक्त ग्रंथपाल आणि त्याचा मदतनीस जाऊ शकतात. इतरांनी खाली बसून पुस्तक मागायचं, आणि ते द्यायचं की नाही हे ग्रंथपाल ठरवणार.

रहस्यकथेचं रहस्य सांगू नये म्हणतात. मी सांगणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. होर्हे नावाचा एक आंधळा म्हातारा या सगळ्याच्या मुळाशी असतो. अॅरिस्टॉटलनं हास्यावर लिहिलेला आणि जगाला हरवलेला ग्रंथ त्यानं लपवून ठेवला आहे. माणसं हसायला लागली तर त्यांची भीती जाईल, आणि भीती गेली तर धर्म टिकणार नाही, असं त्याला वाटतं. म्हणून त्यानं पानांना विष लावलं आहे. बोट जिभेला लावून पान उलटणारा वाचक मरतो. शेवटी पकडला गेल्यावर होर्हे ती विषारी पानं स्वतःच खातो आणि सगळं ग्रंथालय आगीत जातं.

हे वाचून झालं त्या रात्री मला आमच्या विहारात ऐकलेली एक गोष्ट आठवली. महापरिनिर्वाणापूर्वी भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितलं की, आपल्यापाशी ‘आचरियमुट्ठि’ नाही. म्हणजे काही ज्ञान मुठीत दाबून ठेवणाऱ्या गुरूची मूठ आपल्याला नाही. लहानपणी हा शब्द नुसता पाठ केला होता. तो समजला होर्हेमुळे. होर्हे म्हणजे नखशिखांत मूठ.

पण वर्गात या कादंबरीवर बोलले, तेव्हा एका मुलानं मला विचारलं, “पुस्तक जाळणारा वाईट, मग तुम्ही लोकांनी मनुस्मृती जाळली तिचं काय?” तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. घसा कोरडा पडला आणि मी खाली बसले. त्या दिवशी न सुचलेलं उत्तर इथे लिहिते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती लपून नव्हे, तर भर परिषदेत, रीतसर ठराव करून. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. होर्हेनं जी नष्ट केली ती जगातली शेवटची प्रत होती, कुणी वाचू नये म्हणून. महाडला जी जळाली ती छापील पोथी होती. दुसऱ्या दिवशीही कुणालाही ती विकत मिळत होती, वाचता येत होती. स्वतः बाबासाहेब पुढे आपल्या ग्रंथांत मनूचे श्लोक उद्धृत करून एकेकाची चिरफाड करत राहिले. लपवायचं असतं तर त्यांनी ते लोकांपुढे मांडले असते का? आणि शूद्राला धर्मोपदेश करू नये असं सांगणारा श्लोक त्याच पोथीत आहे. महाडच्या आगीत पुस्तकापेक्षा तो पहारेकरी जळाला. त्या मुलाला हे सांगायला मी दोनदा त्याच्या बाकापर्यंत गेले आणि परत आले. आता हा अंक त्याला देईन.

कादंबरीविषयी माझी एक तक्रार मात्र आहे. मठाच्या स्वयंपाकघरात रात्री चोरून एक गरीब मुलगी येते. खायला मिळावं म्हणून तिला शरीर द्यावं लागतं. एकदा तिच्या गाठोड्यात बैलाचं काळीज निघतं. अॅड्सोचा तिच्यावर जीव जडतो. पुढे तिला चेटकीण ठरवून जाळायला नेतात, आणि इतका बुद्धिमान विल्यमही तिला वाचवू शकत नाही. १९८६ च्या सिनेमात ती वाचते म्हणे. पुस्तकात नाही.

हा भाग मी सांगितला तेव्हा आईनं भाकरी तव्यावरच ठेवली.

“नाव काय तिचं?”

मी म्हटलं, “नाव नाही दिलं. अॅड्सोला शेवटपर्यंत कळलंच नाही.”

“एवढ्या मोठ्या पुस्तकात?”

मी पुन्हा पानं चाळली. मेलेल्या प्रत्येक मठवाशाचं नाव होतं, तिचं कुठंच नव्हतं. लेखकानं ते मुद्दाम केलं असेल, मला तसंच वाटतं. आईला ते पटलं नाही. भाकरी करपली होती, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या मावशींना ती हीच गोष्ट सांगत होती. मी वरून ऐकत उभी राहिले. तिच्या गोष्टीत होर्हे फार उशिरा आला. सुरुवात तिनं अशी केली होती, “एक पोरगी होती, उपाशी.”