खाडाखोड

कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटच्या कुणा यवनाने तो दान दिला, अशी ब्राह्मीत नोंद आहे. त्याचे छायाचित्र मी आमच्या हौशी मंडळींना पाठवले. सगळे ‘वा!’ म्हणाले. शेजारी खिळ्याने कोरलेली प्रेमिकांची नावे मी कापून टाकली होती, हे फक्त सौ.ला ठाऊक.

‘‘बँकेत खाडाखोडीखाली सही घेत होतात ना?’’ ती म्हणाली. मी निरुत्तर!

रॉबर्ट गिलने अजिंठ्याची चित्रे वर्षानुवर्षे नकलून काढली. बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत जळाली. नक्कल जळते, मूळही झिजते. मग निदान नोंद तरी खरी हवी.

रात्री मूळ छायाचित्र पाठवले. ‘वा!’ कुणीच म्हणाले नाही. दोघांनी मात्र विचारले, ‘‘हे थांबवायला काय करू या?’’