चिन्नोर आपले, पाकीट दुकानाचे

लग्नसराईत गोंदियाच्या एका मोठ्या किराणा दुकानात गेलो होतो. काजू, केशर, बासमतीच्या रांगेत एक-एक किलोची चकचकीत पाकिटे मांडलेली. वर लिहिले होते, 'सुगंधी चिन्नोर'. शेजारी नागऱ्याकडचे एक शेतकरी उभे होते. पाकीट हातात घेऊन त्यांनी उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, "हे तं आमच्याच बांधीतलं होतं जी. आता पाहुणा आला का इथून नेतो."

मी विचारले, मग लावत का नाही? "कायले लावाचं? केंद्रावर वासाचे पैसे भेटत नाही."

वाचकहो, त्यांचे म्हणणे खोटे नाही. आधारभूत खरेदीत धानाच्या दोनच प्रती आहेत, साधारण आणि 'अ'. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे 2369 आणि 'अ' प्रतीला 2389 रुपये भाव ठरला. फरक वीस रुपयांचा, आणि तोही दाण्याच्या लांबी-रुंदीवरून. वासाचा रकाना त्या कागदावर नाहीच. त्यात चिन्नोर पडले भारी धान. उशिरा निघते, उतारा कमी, उंच वाढते आणि युरिया जरा जास्त झाला की लोळते. मग माणूस हलक्या धानाकडे वळला तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण विकायचे धान वेगळे आणि खायचे वेगळे, हा हिशेब आपल्या घरात पूर्वी होता. एखादी बांधी घरासाठी राखलेली असायची. ती गेली, आणि आता दिवाळीच्या खिरीसाठी आपणच दुकानात उभे राहतो.

दुकानातून घ्यायचेच असेल तर पाकिटावरची तारीख आधी बघा. सुगंधी तांदळाचा वास उडून जाणारा असतो. जुना होत जाईल तसा तो उतरतो. नवा तांदूळ वासाला चांगला, पण शिजताना चिकटतो. जुना मोकळा होतो, पण वास थोडा हरवतो. पाकीट फोडल्याबरोबर अत्तरासारखा भपका आला आणि दोन पाणी धुतल्यावर काहीच उरले नाही, तर शंका घ्यावी. खऱ्या चिन्नोरचा वास भात शिजताना चढतो.

आता शिजवण्याचे. तांदूळ चोळून-चोळून धुऊ नका, दाणा तुटतो. दोनदा हलक्या हाताने धुवा आणि वीस मिनिटे भिजू द्या. नवा तांदूळ असेल तर एका वाटीला दीड वाटी पाणी पुरते, जुन्याला दोन वाट्या लागतात. कुकरच्या शिट्ट्यांत वास वाफेबरोबर बाहेर जातो, म्हणून जाड बुडाच्या गंजात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवा. पाणी आटले की गंज खाली उतरवून दहा मिनिटे तसाच ठेवा. झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरा (आमच्या घरी हे कोणालाच जमत नाही). त्यावर तुरीचे साधे वरण आणि तूप, बस. या भाताचा मसालेभात करणे म्हणजे वास मारणे होय.

कणी फेकू नका, कोंबड्यांनाही घालू नका. बारीक दाण्याची भरडाई करताना कणी जास्त पडतेच. चिन्नोरच्या कणीची खीर अख्ख्या तांदळापेक्षा लवकर आळते. कणी तुपावर परता, दूध घालून मऊ शिजवा आणि गूळ गंज उतरवून थोडे निवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटते. दळून आयतेही होतात, पण त्यासाठी साधा तांदूळही चालतो.

आणि एक, राईस मिलवाल्याला सांगून ठेवा की फार पांढरा करू नको. जितकी घासाई जास्त तितका वास कमी.

सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मंडळींसाठी दोन शब्द. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भंडारा चिन्नोरलाही ते आहे. 1 मे 1999 पर्यंत आपण भंडाऱ्यातच होतो. मानांकन मात्र ठरवून दिलेल्या भागापुरतेच असते. तेव्हा आपले गाव त्यात बसते का, हे तालुका कृषी कार्यालयात एकदा विचारून घ्या. बसत असेल तर बचत गटाच्या बायांना पाकिटावर नाव छापता येईल. त्यासाठी उत्पादक म्हणून नोंद करावी लागते, आणि पाकीटबंद मालाला अन्न परवान्याची नोंदणीही लागते. बसत नसले तरी विक्री अडत नाही. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला चारी बाजूंनी माणसे येतात. तिथे नारळ-प्रसादाच्या दुकानांशेजारी गावच्या तांदळाचा एक पाल टाकायला काय हरकत आहे? धान डिसेंबरात चुरून झाले की भरडाईला मध्ये वेळही मिळतो.

बियाण्याची अडचण सांगाल तर ती सोडवता येण्यासारखी आहे. धान हे स्वपरागी पीक आहे. घरचे बियाणे वर्षानुवर्षे चालते, फक्त लोंब्या निसवल्यावर बांधीत फिरून उंच-ठेंगणी, वेगळ्या दाण्याची झाडे उपटून टाकावी लागतात. चुरण्याची जागाही वेगळी ठेवावी. एकाच खळ्यात दोन जाती चुरल्या की पुढच्या वर्षी कोणते काय ते कळत नाही.

तुमच्या गावात अजून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या ढोलीत चिन्नोर असेल. पऱ्हे टाकायच्या आधी त्याच्याकडून दोन पायल्या मागून ठेवा. बदल्यात दुसरे धान द्या, नाही म्हणणार नाही. एका लहान बांधीला तेवढे पुरते.