सात हजार आले, पावणेसोळा हजार गेले

0, 20, 25, 35, 45, 50. कारची पुढची काच फुटल्यावर क्लेम करायचा की खिशातून पैसे भरायचे, हे आपल्याकडे या सहा आकड्यांवर ठरतं. काचेची किंमत त्यानंतर येते. हे आकडे नो क्लेम बोनसचे, म्हणजे एनसीबीचे आहेत. एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की पुढच्या रिन्यूअलला 20 टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षं गेली की 25, तीन गेली की 35, चार गेली की 45 आणि पाच गेली की 50. त्यापुढे वाढ नाही. मधल्या कुठल्याही वर्षी एक क्लेम झाला की पाटी कोरी होते आणि पुन्हा शून्यापासून चढायचं.

तो क्लेम तीन हजारांचा होता की तीन लाखांचा, हे या तक्त्यात कुठेच विचारलं जात नाही. काचेच्या बाबतीत माणसं फसतात ती इथेच.

महामार्गावर पुढे खडीचा डंपर चाललेला असतो, ताडपत्री सैल असते, एक खडा उडतो आणि काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. संध्याकाळपर्यंत त्या टिचकीचा वीतभर तडा झालेला असतो. गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते ठरलेलं: "इन्शुरन्समधून करून टाकू ना, तुम्हाला फक्त हजार-दोन हजार पडतील." सांगणारा खोटं बोलत नाही. त्या दिवशी तेवढेच पडतात. बाकीची वसुली पुढची पाच वर्षं चालते आणि तिची पावती वेगळी मिळत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. आपण मोजू.

त्याआधी प्रीमियमची फोड पाहावी लागेल. कारच्या पॅकेज पॉलिसीत दोन मुख्य भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा. त्याचे दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897. काचेच्या क्लेमचा या भागाशी काहीही संबंध नाही. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे ओडीचा. एनसीबी मिळतो तो फक्त याच्यावर. "क्लेम केला म्हणून प्रीमियम दुप्पट झाला" असं सांगणारे भेटतात, त्यांचा दुप्पट होतो तो ओडी. सगळा प्रीमियम नव्हे.

आता उदाहरण घेऊ. पुण्यात नोंदवलेली 1200 सीसीची गाडी, वय पाच वर्षांच्या आत, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) 6 लाख. 2002च्या मोटर टॅरिफमध्ये पुणे ‘अ’ झोनमध्ये येतं आणि अशा गाडीचा ओडी दर आयडीव्हीच्या 3.283 टक्के आहे, म्हणजे 19,698 रुपये. 1 जानेवारी 2007 पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, त्यामुळे इतका दर आज सहसा कोणी लावत नाही. आपल्या मालकाला सुमारे 39 टक्के सवलत धरून पुढच्या वर्षीचा ओडी 12,000 रुपये बसतो असं मानू. आधीच्या गाडीवरून आणलेला बोनस धरून त्याचा एनसीबी 50 टक्क्यांवर आहे.

क्लेम नसेल तर: ओडी 6,000, थर्ड पार्टी 3,416, त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 11,111 रुपये.
क्लेम केला तर: ओडी 12,000, थर्ड पार्टी तेच 3,416, जीएसटी धरून 18,191 रुपये.

फरक 7,080 रुपयांचा, आणि हे झालं फक्त पहिलं वर्ष.

आता गॅरेजचं बिल. समजा ते 9,000 रुपयांचं आहे: काच 7,000, रबराची बीडिंग 600, चिकटवण्याचं सीलंट 700, मजुरी 700. काचेवर घसारा शून्य, म्हणून तिचे पूर्ण 7,000 मिळतात. रबरावर 50 टक्के घसारा, म्हणून 300. सीलंट ‘कन्झ्युमेबल’ म्हणून वगळलं जातं, मजुरी मिळते. झाले 8,000. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेममागे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, जातं. बहुतेक पॉलिसींत ते 1500 सीसीपर्यंत 1,000 आणि त्यावर 2,000 रुपये असतं. कंपनीकडून हाती आले 7,000.

म्हणजे पहिल्याच रिन्यूअलला ते 7,000 परत गेले, वर 80 रुपये. पुढच्या वर्षी इतरांना 50 टक्के सूट असताना याला 20, मग 25, मग 35, मग 45. पाच वर्षांतला फरक 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के असा येतो. बेरीज 125. एका क्लेमपायी वर्षभराच्या ओडीच्या सव्वापट रक्कम जाते. गाडी जुनी होईल तसा आयडीव्ही उतरतो आणि त्याबरोबर ओडीही, म्हणून दरवर्षी 10 टक्क्यांची घट धरली आणि जीएसटी मिळवला, तरी आकडा 15,784 रुपयांवर येतो. सात हजारांसाठी पावणेसोळा हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच व्यवहार.

प्रत्येकाची गाडी वेगळी, म्हणून हाच हिशेब दर रुपयावर मांडून ठेवतो. वर्षाअखेरीपर्यंत क्लेम झाला नाही तर पुढच्या रिन्यूअलला जो एनसीबी मिळणार, तो आधी पाहायचा. तो 20 टक्के असेल, तर क्लेम केल्याने ओडीच्या दर रुपयामागे 51 पैसे जातात. 25 असेल तर 81 पैसे. 35 असेल तर 1 रुपया 9 पैसे, 45 असेल तर 1 रुपया 26 पैसे आणि 50 असेल तर 1 रुपया 32 पैसे. यातही वर्षाला 10 टक्के घट आणि जीएसटी धरलेला आहे. ओडी म्हणजे बोनस वजा करण्याआधीचा आकडा. पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर तो छापलेला असतो. त्याला या दराने गुणा. येणारी रक्कम कंपनीकडून मिळणाऱ्या पैशांपेक्षा मोठी असेल, तर क्लेम करू नका.

याचा अर्थ काचेचा क्लेम कधीच करू नये असा मुळीच नाही. उलट टोकाचं उदाहरण पाहा. पहिलीच नवी गाडी, ओडी 20,000, पहिल्या वर्षातच काच फुटली. पुढे मिळणार होते फक्त 20 टक्के, त्यामुळे पाच वर्षांचं नुकसान 10,188 रुपये. गाडीच्या काचेमागे ड्रायव्हरला साहाय्य करणारा कॅमेरा असेल, काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागत असेल आणि सगळं मिळून बिल 40,000 रुपयांवर जात असेल, तर क्षणभरही विचार न करता क्लेम करावा. पण हाच माणूस जुन्या गाडीचा 50 टक्के एनसीबी नव्या गाडीवर घेऊन आला असेल (बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि गाडी विकल्यावर तीन वर्षांपर्यंत वापरता येतो), तर त्याचं नुकसान 26,306 रुपयांवर जातं. 40,000चं बिल असेल तर तरीही क्लेम परवडतो. 25,000चं असेल तर नाही. गाडी तीच, काच तीच, फक्त मालकाचा पूर्वेतिहास वेगळा.

आणखी एक प्रसंग असा, जिथे लोक उगाच हात आखडता घेतात. त्याच पॉलिसी वर्षात आधीच एखादा क्लेम झालेला असेल, बंपर म्हणा किंवा दरवाजा, तर एनसीबी गेलेलाच आहे. तो दुसऱ्यांदा जात नाही. अशा वेळी काचेचे पैसे खिशातून भरण्यात एनसीबीपुरता काहीच फायदा नाही. मात्र ओडीचे दर मोकळे असल्याने वारंवार क्लेम करणाऱ्याची मूळ सवलतच कंपनी कमी करू शकते, हे लक्षात असू द्यावं.

‘झिरो डेप घेतलंय, मग काळजी कशाला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर थांबायलाच हवं. झिरो डेप घसारा भरून काढतं, एनसीबी वाचवत नाही. आणि काचेवर तर साध्या पॉलिसीतही घसारा शून्यच असतो. वरच्या बिलात झिरो डेप असतं तर बीडिंगचे 300 रुपये जास्त मिळाले असते, बस. एनसीबी वाचवणारं ॲड-ऑन वेगळं असतं, एनसीबी प्रोटेक्ट या नावाने मिळतं. ते घेताना तीन गोष्टी वाचा: वर्षात किती क्लेमपर्यंत संरक्षण आहे, बोनस आहे त्याच पायरीवर राहतो की खाली येतो, आणि फक्त काचेच्या क्लेमबद्दल वेगळं कलम आहे का. पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर नवी कंपनी हे संरक्षण मानेलच असं नाही. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर शहरातच फिरणाऱ्याला ते घ्यायची गरज कमी. रोज महामार्गावर असणाऱ्याने, बोनस 45-50 टक्क्यांवर पोचला असेल तर, जरूर घ्यावं.

यापेक्षाही स्वस्त उपाय तडा वाढायच्या आधी असतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. खडा लागल्यावर सहसा फक्त बाहेरची काच दुखावते. नाण्याएवढा चट्टा असेल आणि तो ड्रायव्हरच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेला नसेल, तर त्यात रेझिन भरून तो बंद करता येतो. खर्च नव्या काचेच्या लहानशा हिश्श्याएवढा, क्लेमची गरजच नाही. पण धूळ आणि पाणी आत शिरण्याआधी हे व्हायला हवं. पावसाळ्यात तर त्याच दिवशी. तोवर त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावा, आणि उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका, त्याने तडा पळतो. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्या फुटल्या की दाणे होतात, दुरुस्ती नाही.

बोनस वाचवायचा म्हणून तडकलेल्या काचेने महिनोन् महिने गाडी चालवणारेही आहेत. ते करू नका. ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग अनेक गाड्यांत याच काचेचा आधार घेऊन उघडते. क्लेम करायचा नसेल तर स्वतःच्या पैशाने बदला, पण बदला. सीलंट वाळायला गॅरेज जितका वेळ सांगेल तितका वेळ गाडी तिथेच ठेवा.

आणि क्लेम करून तो लपवू नका. कंपनी बदलताना ‘मागच्या वर्षी क्लेम नाही’ असं लिहून देणारे आहेत. छोटीशी काच तर होती, कोण बघतंय, असं त्यांना वाटतं. एनसीबीच्या त्या कबुलीखालीच लिहिलेलं असतं की माहिती चुकीची निघाली तर पॉलिसीच्या पहिल्या विभागाचे, म्हणजे ओन डॅमेजचे, सगळे लाभ रद्द. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खात्री करून घेऊ शकते. सहा हजारांची सूट लाटायच्या नादात उद्याच्या मोठ्या अपघाताचा सगळा खर्च अंगावर येतो.

जगात सगळीकडे असंच आहे का? नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्या काचेचा क्लेम नो क्लेम डिस्काउंटच्या हिशेबात धरत नाहीत. बिलातली ठरावीक रक्कम ग्राहक भरतो आणि विषय संपतो. अमेरिकेत फ्लोरिडा, केंटकी आणि साऊथ कॅरोलायना या राज्यांत कायद्यानेच पुढच्या काचेला डिडक्टिबल नाही. फ्लोरिडात याचा गैरफायदाही भरपूर घेतला गेला. काच बसवणारी दुकानं ग्राहकाकडून क्लेमचे हक्क स्वतःच्या नावे लिहून घ्यायची आणि विमा कंपन्यांवर खटले भरायची. 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळाने काचेच्या क्लेमचे हक्क असे लिहून देण्यावर बंदी घातली. फुकट काच शेवटी सगळ्यांच्या प्रीमियममधून येते, हे खरं आहे आणि आपल्याकडच्या कंपन्यांचा युक्तिवादही तोच असेल.

पण त्यासाठी काचेचे सगळे क्लेम मोफत करा असं कोणी म्हणत नाही. एनसीबी हे नीट गाडी चालवण्याचं बक्षीस आहे. पुढच्या डंपरमधून उडालेल्या खड्यात मागच्या ड्रायव्हरचा हात नसतो. आणि नऊ हजारांच्या बिलापायी पाच वर्षांची पुण्याई एका दिवसात पुसली जाणं हा हिशेब उघडच अन्यायाचा आहे. काचेला हवं तर वेगळं, जास्त डिडक्टिबल लावा, तीन वर्षांत एकच क्लेम अशी मर्यादा घाला, पण फक्त काचेचा क्लेम एनसीबीच्या बाहेर ठेवा. विमा नियामकाने मूळ पॉलिसीतच हे कलम सक्तीचं करावं, ॲड-ऑन म्हणून विकायला ठेवू नये. आणि तोपर्यंत गॅरेजमध्ये ‘इन्शुरन्समधून करून टाकू’ असं कोणी म्हणालं, तर होकार देण्याआधी पॉलिसी उघडा आणि ओडीच्या आकड्यावर बोट ठेवून एकदा गुणाकार करा.