उदाहरण अडते ते शब्दांपाशी

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला सीमाभागातील विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जातो आणि पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच उदाहरणांना अडखळतो. पुस्तक आता इंग्रजी असते. घरचे म्हणतात, पोराचे गणित कच्चे. आम्हांस तसे वाटत नाही. गाडे अडते ते शब्दांपाशी.

गतीचेच उदाहरण घ्या. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ असे वाचून मुलगा विश्रांतीचा अर्थ शोधत बसतो. गाडी जागची हलली, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, एवढेच त्यात सांगितलेले असते. ‘थांबली’ म्हटले की अखेरचा वेग शून्य. अर्धी माहिती आकड्यांत नसून अशा शब्दांतच दडलेली असते.

ताशी ३६ किलोमीटर वेगाची बस ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबली, तर तेवढ्यात ती किती अंतर गेली? आधी एकक बदलावे. ३६ ला ३.६ ने भागले की सेकंदाला १० मीटर. वेग एकसारखा घटत शून्यावर आला, म्हणून सरासरी वेग ५ आणि अंतर २५ मीटर. आता वेग ताशी ७२ धरा, ब्रेक तेवढाच. थांबायला वेळ दुप्पट, सरासरी वेगही दुप्पट. अंतर मात्र चौपट, १०० मीटर! भरधाव गाडी आयत्या वेळी का आवरत नाही, हे इथे उमगते.

विजेचेही तसेच. विभवांतर म्हणजे व्होल्टेज, धारा म्हणजे करंट, रोध म्हणजे रेझिस्टन्स. १५०० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर किती धारा घेईल? १५०० भागिले २३०, सुमारे साडेसहा अँपिअर. घरातले लहान सॉकेट साधारण ६ अँपिअरचे. त्यावर हीटर लावला की बोर्ड का तापतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. हाच हीटर दोन तास चालला तर बिलात ३ युनिट चढतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठी शाळांतील गुरुजनांनी दहावीतच प्रत्येक संज्ञेची इंग्रजी जोडी वहीत लिहून द्यावी. मुलांनी उदाहरण आधी आपल्या बोलीत सांगावे. मग काय दिले, काय काढायचे आणि सूत्र कोणते, हे इंग्रजीत मांडावे. उत्तर आले की ते पटण्याजोगे आहे का, हेही पाहावे. इंग्रजी शिकायचीच आहे. पण त्यासाठी मराठीत झालेली समज पुसून टाकण्याचे कारण नाही.